रजेवरचा मॅनेजर

हरलेल्या संघाच्या मॅनेजरला रजेचा अर्ज लिहावा लागत नाही. तो कागद-पेन शोधेपर्यंत लोकांनी त्याच्या हातात नारळ ठेवलेला असतो. रजा मागायची ती जिंकलेल्या मॅनेजरनं. गळ्यातला हार सुकलेला नाही, कानामागचा गुलाल दोन अंघोळींनीही निघालेला नाही, चषकात पेढ्यांचे रिकामे कागद पडून आहेत, आणि अशा ऐन भरात जो माणूस ‘मी आता जरा थांबावं म्हणतो’ असं जाहीर करतो, तो या जातीचा अस्सल नमुना समजावा.

युरोपात या जातीची पैदास मोठी. पेप ग्वार्डिओलानं बार्सिलोनाला चार वर्षांत 14 करंडक मिळवून दिले आणि 2012 साली दमलो म्हणून बायकामुलांसह न्यूयॉर्कला जाऊन वर्षभर राहिला. झिनेदिन झिदाननं 2018 च्या मे महिन्यात रेआल माद्रिदला सलग तिसऱ्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकून दिली आणि पाचव्या दिवशी पत्रकारांना बोलावून राम राम केला. युर्गन क्लॉपनं 2024 च्या जानेवारीत, लिव्हरपूल गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर असताना, अंगातली ताकद सरत आली असं सांगून सगळ्या गावाच्या पोटात गोळा आणला.

आमच्या पेठेतल्या मॅनेजरना ही नावं, सालं आणि महिने तोंडपाठ आहेत. त्यांच्या मते या माणसांत आणि आपल्यात फरक असा काही नाहीच. एक बारीकसा आहे, तो ते सांगत नाहीत. या सगळ्यांना रजेवर जाण्याआधी पगार होता.

मॅनेजर कोल्हापूरचे. एवढ्यावर कोल्हापूरकराला पुढचं सगळं कळतं. बाकीच्यांसाठी थोडं सांगायला हवं. इथं फुटबॉलचे संघ क्लबांतून कमी आणि तालमींतून जास्त निघतात. जिथं आजोबांनी लाल मातीत अंग घुसळलं, तिथंच नातवाचे स्टड खिळ्याला टांगलेले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं बाहेरच्या माणसाला देवळांची किंवा भजनी मंडळांची वाटतील. इथं ती घेताना आवाज आपोआप चढतो. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या केएसएची, वरिष्ठ गटाची साखळी 16 संघांची. शिवाय वर्षभर निरनिराळ्या नावांचे चषक. सामने शाहू स्टेडियमवर. विश्वचषक आला की निम्मी पेठ ब्राझील होते आणि निम्मी अर्जेंटिना, पण तो चार वर्षांतून एकदा येणारा पाहुणा. पेठेचा सामना हे घरचं कार्य.

अशा कार्यात मॅनेजर म्हणजे मुलीचा बाप. त्यांचं पाळण्यातलं नाव रेशनकार्डापुरतं उरलंय. पेठेत ‘मॅनेजर’ म्हणून हाक मारली, तर बँकेतला मॅनेजर वळून बघत नाही, हे बघतात. प्रशिक्षक निराळा. तो मैदानावर चेंडू कसा खेळायचा ते सांगतो. चेंडू मैदानावर पोचेपर्यंतचं सगळं मॅनेजरकडं. डाव्या बगलेवरच्या पोराची फौंड्रीत दुसरी पाळी असते, तेव्हा सुपरवायझरच्या हातापाया पडून ती बदलून घ्यायची. गोलकीपरच्या आईला पटवायचं, की बोट मोडलंय ते सरळ होतंय, लग्नाला काही आडवं येत नाही. नायजेरियाहून आलेल्या स्ट्रायकरच्या व्हिसाचे कागद पोलिसांकडं नेऊन दाखवायचे, त्याच्यासाठी भाड्याची खोली बघायची आणि पहिल्या दिवशी तांबडा रस्सा त्याच्यापासून लांब ठेवायचा. महिन्याभरानं तोच स्ट्रायकर वाटी पुढं करून “पांढरा नको, तांबडा” म्हणतो, तेव्हा मॅनेजरना गोल झाल्याचा आनंद होतो.

या सगळ्या कारभाराचं कार्यालय म्हणजे त्यांची पिशवी. कुठल्याशा खतकंपनीनं वाटलेली, बंद तुटून दोनदा शिवलेली. तिच्यात शिट्टी, क्रेप बँडेज, वेदनाशामक फवारा, ग्लुकोजचा डबा, फोडी करायला लिंबं आणि ती कापायची सुरी, खेळाडूंचे पासपोर्ट फोटो, अंबाबाईच्या अंगाऱ्याची पुडी, आणि पंपाची पिन. ही पिन औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत कापसात गुंडाळून ठेवलेली असते. एका उपांत्य सामन्याला ऐन वेळी पिन सापडली नव्हती आणि विरुद्ध तालमीकडून मागून आणावी लागली होती. तो सामना आम्ही जिंकला, पण मॅनेजरच्या लेखी तो हरल्यातच जमा आहे.

पोटापाण्यासाठी ते मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत. इथं नियतीनं एक खोडी करून ठेवलीय. गुऱ्हाळं पेटतात दिवाळीच्या आगंमागं, फुटबॉलचा हंगामही तेव्हाच तोंड वर काढतो. गुळाचे सौदे ऐन रंगात येतात, तेव्हा साखळीचे सामनेही रंगात आलेले असतात. त्यामुळे रव्यांवर रवे चढत असताना दिवाणजी दुपारच्या सामन्याला, आणि उन्हाळा सरून यार्ड ओस पडलं की दिवाणजी गादीवर हजर. मालक जुन्या वळणाचे आणि त्याच पेठेचे, म्हणून नोकरी टिकली. दुसऱ्या पेठेचे असते तर कधीच सुटली असती.

तर यंदा आमचा संघ जिंकला. साखळी जिंकली आणि वर एक चषकही उचलला. मिरवणूक निघाली. हलगीवाल्यानं कातडं फुटेपर्यंत बडवलं, पोरांनी मॅनेजरना खांद्यावर घेतलं, पेठेतल्या बायकांनी दारादारांत ओवाळलं. ज्या खजिनदारानं वर्षभर लिंबांचा हिशेब मागितला होता, त्यानं स्वतः पेढा भरवला. रात्री अडीचला मॅनेजर घरी पोचले. सकाळी सातला दूध आणायला बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसलेला पहिलाच माणूस म्हणाला,

“मॅनेजर, भारी झालं बघा. मग, फुडच्या वर्षी काय?”

पुढं इस्त्रीवाला भेटला. “फुडच्या वर्षी राखायचा चषक.” पानटपरीवाला म्हणाला, “फुडच्या वर्षी दोन मारायचे.” डेअरीतल्या म्हाताऱ्यानं तर हद्द केली. दुधाची पिशवी देता देता म्हणाला, “यंदा नशिबानं जिंकला. खरं काय ते फुडच्या वर्षी कळंल.”

मॅनेजर दूध घेऊन आले आणि पायरीवरच बसले. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं, ते मी कुठल्या मोठ्या प्रशिक्षकाच्या मुलाखतीतही वाचलेलं नाही. म्हणाले, “हरलो की बरं असतंय बघ. वरीसभर शिव्या खायच्या, पण काम ठरलेलं असतंय, फुडच्या वर्षी जिंकायचं. आता जिंकलो. आता काय करायचं? परत जिंकायचं. म्हणजे मी गेल्या वर्षी जिथं हुतो, तिथंच की. वर चषकाला पॉलिश कराय लागतंय ते वेगळंच.”

त्याच दुपारी त्यांनी अडतीवरच्या कागदावर अर्ज लिहिला. नक्कल माझ्याकडं आहे, कारण झेरॉक्स काढायला मीच गेलो होतो.

‘विषय : दीर्घ रजा मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, मी आपल्या मंडळाच्या फुटबॉल संघाचे व्यवस्थापन आजवर विनामोबदला व विनातक्रार पाहिले आहे. चालू हंगामात संघास यश आले असून सदर यशाचा माझ्या प्रकृतीवर ताण आलेला आहे. तरी मला पुढील आदेश होईपर्यंत बिनपगारी रजा मंजूर व्हावी. जागतिक फुटबॉलमध्ये अशी प्रथा असून सोबत उदाहरणांची यादी जोडली आहे.’

यादी जोडली होती. ग्वार्डिओला, झिदान, क्लॉप अशी नावं, पुढं साल, त्यापुढं ‘कारण’ आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. झिदानच्या शेऱ्यात लिहिलं होतं : ‘पुन्हा रुजू.’ खरंच होतं ते. 2019 च्या मार्चमध्ये तो माद्रिदला परत आला होता. युप हाइन्केस 2013 साली बायर्नला एका मोसमात तीन करंडक देऊन निवृत्त झाले आणि 2017 साली वयाच्या 72 व्या वर्षी परत येऊन उभे राहिले. त्यांच्यापुढंही तोच शेरा. ग्वार्डिओलापुढं लिहिलं होतं : ‘रजेत जर्मन शिकला, बायर्नला रुजू.’ यादी वाचताना कळत होतं, की मॅनेजरनी जाण्याच्या तयारीपेक्षा येण्याची तयारी जास्त केली आहे.

अर्जावर तालमीत बैठक बसली. पहिला तास ‘बिनपगारी’ या शब्दावर गेला. खजिनदार म्हणाले, “बिनपगारी रजा म्हणजे एरवी पगार हुता असा अर्थ निघतोय. उद्या ऑडिटला काय सांगू?” अध्यक्षांनी विचारलं, मग भरपगारी द्यायची का? त्यावर कुणी तरी हिशेब करून सांगितलं, की शून्याचा भरपगारही शून्यच होतो, तेव्हा भरपगारी द्यायला मंडळाची काही हरकत नसावी. दुसरा प्रश्न गंभीर होता. पाण्याच्या बाटल्यांचं आणि बर्फाचं बिल मॅनेजर आजवर खिशातून देत आले होते. ते रजेवर गेल्यावर कुणी द्यायचं? बराच वेळ शांतता पसरली. अखेर ठराव झाला : रजा मंजूर, अभिनंदन, बिलाची सध्याची व्यवस्था तशीच चालू राहील.

घरी मात्र त्यांचा अंदाज साफ चुकला. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी 2001-02 चा मोसम संपला की थांबणार असं जाहीर केलं होतं आणि त्यांच्या पत्नीनं, मुलांनी मन वळवल्यावर बेत फिरवला होता. नंतर आणखी अकरा वर्षं राहून, 2013 साली तेरावं प्रीमियर लीग विजेतेपद घेऊनच ते घरी गेले. मॅनेजरची सगळी भिस्त या उदाहरणावर. बातमी सांगितली की वहिनी पदर डोळ्याला लावतील, म्हणतील ‘अहो, असं काय करता, पोरं तुमच्या जिवावर खेळतात’, मग आपण नाइलाजानं थांबू. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची उलटली आणि म्हणाल्या,

“बरं केलं. उद्यापास्नं दळण आणायचं तुमच्याकडं. आणि त्या कपाटातली जर्सी हलवा, मला गाद्यांची खोळ ठेवायचीया.”

आणि रजा सुरू झाली. सुरू झाली ती नेमकी जूनच्या पहिल्या आठवड्यात. कोल्हापुरात पाऊस सुरू झाला की फुटबॉल आपोआप बंद होतो. गांधी मैदानात पाण्याचं तळं साठतं, स्टेडियमच्या हिरवळीला विश्रांती देतात, पोरं गणपतीच्या वर्गणीला लागतात. म्हणजे जे चार महिने पेठेतला प्रत्येक माणूस रजेवर असतो, त्याच चार महिन्यांची रजा मॅनेजरनी अर्ज करून, ठराव करून, अभिनंदनासह घेतली होती. हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं, की ते म्हणायचे, “त्यांचं ते बसणं झालं. माझी ही रजा हाय.”

पहिल्या सोमवारी ते वेळेवर अडतीवर गेले. मालकांनी चष्मा वर केला. “काय दिवाणजी, आज इकडं?”

“रजेवर हाय मालक.”

“रजेवर आहात म्हणून कामावर आलात होय!” मालक म्हणाले, “या. पण आता गूळच न्हाई. बसा.”

मॅनेजर बसले. दुपारपर्यंत त्यांनी मागच्या वर्षीच्या पावत्या लावल्या. दुपारनंतर कोऱ्या पावतीच्या पाठीमागं चार बचावपटू, चार मधले, दोन पुढचे अशी ठिपक्यांची रांगोळी काढली. मग एका ठिपक्यावर फुली मारली आणि त्याला थोडा डावीकडं सरकवला. रजा त्या क्षणापासून कामाला लागली.

पुढं गोव्याची सहल ठरली. ग्वार्डिओला न्यूयॉर्कला गेला, मॅनेजर गोव्याला. वहिनींनी मंगेशी आणि शांतादुर्गा धरली होती. दोन्ही दर्शनं यथासांग झाली. फोंड्याच्या बसस्टँडवर मॅनेजर सहज म्हणाले, “इथनं मडगाव जवळच की.” मडगावला काय आहे, असं वहिनींनी विचारलं. मॅनेजर म्हणाले, बाजार चांगला असतो. बाजार चांगला असतोच. पण त्याआधी फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम लागतं. भर पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात शांतादुर्गेचा प्रसाद घेऊन मॅनेजर त्या स्टेडियमच्या बंद दाराशी उभे राहिले. रखवालदार आत सोडेना. मॅनेजरनी आपली ओळख सांगितली : “मी कोल्हापूरचा मॅनेजर. सध्या रजेवर.” रखवालदारानं विचारलं, “खंयच्या बँकेचे?” परतीच्या बसमध्ये वहिनी हे आठवून इतक्या हसल्या, की पुढच्या सीटवरची बाई वळून विचारती झाली. मॅनेजर खिडकीबाहेर आंबोलीचे धबधबे बघत राहिले. मला नंतर म्हणाले, दाराच्या फटीतून गवत दिसलं, पाण्याचा निचरा चांगला आहे.

रजेचे त्यांनी काही नियम घालून घेतले होते आणि ते काटेकोर पाळले. तालमीची पायरी चढायची नाही, हा पहिला नियम. त्यामुळे ते रोज संध्याकाळी तालमीसमोरच्या फूटपाथवर, सायकल दुकानाच्या फळीवर बसायला लागले. काही सांगायचं झालं, की रस्त्यापलीकडून ओरडून सांगायचे. आधी जे बोलणं तालमीच्या आत चार माणसांत व्हायचं, ते आता रिक्षावाल्यांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या कानांवर पडू लागलं. डाव्या बगलेवरचा पोरगा गुडघ्यात कच्चा आहे, ही गोष्ट विरुद्ध पेठेला कळली ती या रजेमुळे. दुसरा नियम, फोनवर फुटबॉलचं बोलायचं नाही. फोन आला की ते आधी सांगायचे, “मी रजेवर हाय, माझं मत इचारू नका,” आणि मग पाऊण तास मत सांगायचे.

त्यांच्या जागी असिस्टंट काम बघू लागला. पंचविशीचा पोरगा, अंगानं किडकिडीत, बोलायला थोडका, मोबाईलवर सगळं टिपून ठेवणारा. मॅनेजरनी त्याच्याकडं पिशवी सोपवली. सोपवण्याचा कार्यक्रम तासभर चालला. एकेक वस्तू काढून दाखवली, तिचा इतिहास सांगितला, परत आत ठेवली. असिस्टंट पिशवी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फूटपाथवर हजर.

“मॅनेजर, पिन न्हाई आत.”

“पिन माझ्याकडं हाय. लागंल तवा माग.”

मग पोरगा सरावाआधी रोज पिन न्यायला येऊ लागला आणि सरावानंतर परत करायला. नेताना मॅनेजर विचारायचे, “आज कोण कोण आलंय?” परत करताना विचारायचे, “कोण कसं खेळलं?” पिनेला लागते पाच मिनिटं, प्रश्नोत्तरांना तास. असिस्टंटनं शेवटी बाजारातून नवी पिन घेतली. त्या दिवशी मॅनेजर न जेवता झोपले, असं वहिनी सांगत होत्या.

पाऊस ओसरला, नवरात्र गेलं, खेळाडूंच्या नोंदणीचे दिवस आले. हे दिवस कोल्हापुरात सोयरीक जमवण्याचे. कोण कुठल्या तालमीकडं चालला, कुणाला कुणी जेवायला नेलं, कुणाच्या भावाला नोकरीचा शब्द मिळाला, याच्या खऱ्याखोट्या बातम्यांवर पेठा जगतात. पेठ बदललेल्या पोराला कट्ट्यावर जागा मिळत नाही. त्याची आई मात्र दोन्हीकडच्या हळदीकुंकवाला जाते. इतकी वर्षं या दिवसांत मॅनेजर घरी जेवले नव्हते. यंदा ते फळीवर बसून भडंग खात होते आणि सगळ्यांकडं उदार नजरेनं बघत होते. फक्त ज्या दिवशी आमच्या गोलकीपरला दुसऱ्या तालमीचं माणूस भेटल्याची कुणकुण लागली, त्या दिवशी त्यांच्या घराची बेल रात्री अकराला वाजली. बाहेर गोलकीपरची आई. आत चहा झाला, मोडलेल्या बोटाची चौकशी झाली, आणि सकाळी गोलकीपरनं आमच्याच तालमीच्या कागदावर सही केली. मॅनेजर म्हणाले, यात माझा काय संबंध, त्या आमच्या सौभाग्यवतींकडं विरजण मागायला आल्या होत्या.

मोसम सुरू झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मॅनेजर तिकीट काढून शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसले. आजवर ते खाली रेषेशेजारी असायचे, पाठ गॅलरीकडं. गॅलरीत काय बोलतात, हे त्यांना फक्त आवाजाच्या रूपानं माहीत होतं. आता शब्द ऐकू आले. आमच्या पोरानं सोपी संधी घालवली, तशी मागच्या रांगेतून आरोळी आली, “अरं, ह्या खुळ्याला मॅनेजर कुणी केलं?” मॅनेजरना गुदगुल्या झाल्या. तोंड रुमालानं झाकून ते मागं वळले आणि आवाज बदलून म्हणाले, “व्हय, आधीचा चांगला हुता.”

“कुठला चांगला!” मागचा म्हणाला. “त्यो तर नुसतं लिंबं चिरत बसायचा.”

उरलेला सामना मॅनेजर गप्प होते. मध्यंतरात त्यांनी मला हळूच विचारलं, लिंबं चिरणं यांना दिसत होतं, तर मग फौंड्रीतली पाळी, व्हिसा, गोलकीपरची आई, यातलं काहीच कसं दिसलं नाही? मी म्हटलं, “मॅनेजर, ते दिसलं असतं तर तुमचं काम बिघडलंय असं झालं असतं.” हे उत्तर त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण पुढच्या सामन्याला त्यांनी मागच्या माणसाला अर्धं लिंबू दिलं.

खरा घाव पुढंच होता. आमचा संघ त्यांच्याशिवाय जिंकू लागला. एक सामना, दुसरा, उपांत्य, आणि मग मोसमातला पहिला चषक. पेठेत पुन्हा हलगी, पुन्हा गुलाल. असिस्टंटला पोरांनी खांद्यावर घेतलं. मिरवणूक सायकल दुकानाशी आली, तेव्हा मॅनेजर फळीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. गुलाल त्यांच्याही डोक्यावर पडला. ओवाळणारी कुणी तरी “मॅनेजर, तुमचाच हाय ह्यो चषक” म्हणाली. मॅनेजर म्हणाले, “छे छे, मी रजेवर हाय.” पण आवाजात नेहमीचा रुबाब नव्हता. त्या रात्री त्यांनी अर्जाच्या झेरॉक्सवरची ती यादी पुन्हा काढली आणि ‘शेरा’ या रकान्यावरून बराच वेळ बोट फिरवलं. परत कधी यायचं, हे त्या सगळ्यांना कसं कळलं, ते यादीत लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी दळण टाकून येत होतो. मॅनेजरच्या दारात असिस्टंट उभा. डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली, खांद्यावर ती पिशवी.

“मॅनेजर, जरा बोलायचं हुतं.”

“बोल की.”

“चार दिवस झालं, जो भेटंल त्यो एकच इचारतोय, फुडच्या चषकाचं काय. दूधवाला, इस्त्रीवाला, आमची आजीसुदिक. झोप न्हाई मला.” त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. “म्हणून म्हटलं, थोडे दिवस रजा घ्यावी. अर्ज लिहून आणलाय. तुमचाच नमुना वापरलाय.”

मॅनेजरनी कागद उलगडला. विषय वाचला, वरील विषयास अनुसरून वाचलं. मग त्यांनी पोराच्या खांद्यावरून पिशवी उतरवून घेतली, शर्टाच्या खिशातली बाटली तिच्या तळाशी ठेवली, आणि चेहऱ्यावर असा संताप आणला, की असिस्टंट एक पायरी खाली उतरला.

“एक चषक जिंकलास आणि रजा? साखळी कोण तुझा आजा खेळणार हाय व्हय रे? एका चषकाला एक रविवार मिळतोय, फुकट. जा, झोप काढ. सोमवारी सकाळी सहाला ग्राउंडावर दिसला न्हाईस तर आईला सांगीन. आणि येताना लिंबं आण, बिल माझ्या नावावर टाक.”